दोर बांधायचा कशाला? बातलच्या वाटेवर विंचची परीक्षा

मनालीहून स्पितीला जाण्यासाठी पूर्वी रोहतांगचा घाट चढावा लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि तो घाट टळला. बोगद्यातून बाहेर पडताच लाहौलची खोरी, दूरवर बर्फाची शिखरे आणि खाली खळाळणारी चंद्रा नदी दिसू लागते. मुले खिडकीला नाक लावतात, आई थर्मासमधला चहा ओतते. सारे सुरळीत वाटते.

खरी परीक्षा ग्राम्फूनंतर सुरू होते. ग्राम्फू ते बातल हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटरचे. पण त्याला कित्येक तास लागू शकतात. वाट चंद्रेच्या काठाने, दगडगोट्यांतून जाते. वरच्या हिमनद्यांचे पाणी ठिकठिकाणी रस्ता ओलांडून नदीला मिळते. छत्रू आणि बातल यांच्या दरम्यान असाच एक प्रवाह आहे, ‘पागल नाला’. सकाळी तो शहाण्यासारखा वागतो. दुपारी उन्हाने बर्फ वितळले की पाणी वाढते, तळातले दगड जागा बदलतात आणि गाडीचे चाक दोन धोंड्यांमध्ये अडकून बसते.

अशा वाटेसाठी अलीकडे बरेच हौशी प्रवासी चारचाकी जोर असलेल्या गाडीच्या पुढच्या बाजूला विंच बसवून घेतात. विंच म्हणजे विहिरीवरच्या रहाटाचेच विजेवर चालणारे भावंड. मोटर ड्रम फिरवते, ड्रमवर दोर गुंडाळला जातो आणि गाडी स्वतःलाच ओढून काढते. मात्र दुकानात चकाकणारे हे यंत्र घेण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

किती ताकदीचा विंच घ्यावा?

साधा हिशेब असा : माणसे, सामान आणि इंधन धरून गाडीचे जे वजन होईल, त्याच्या किमान दीडपट विंचची ओढण्याची क्षमता असावी. समजा, भरलेली गाडी २,३०० किलोची आहे. तिला निदान ३,४५० किलो क्षमता हवी. बाजारात ही क्षमता पौंडांत सांगतात. ८,००० पौंड म्हणजे सुमारे ३,६३० किलो आणि ९,५०० पौंड म्हणजे सुमारे ४,३०० किलो. आठ हजाराचा विंच हिशेबात जेमतेम बसतो. साडेनऊ हजाराचा घेतला तर हाताशी काही शिल्लक राहते.

ही शिल्लक का हवी? विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत आतल्या थरापुरती खरी असते. वर जितके थर, तितकी ओढ कमी. म्हणून थोडाच दोर सोडून ओढण्यापेक्षा बराचसा दोर सोडून ओढणे चांगले. तरीही पोलादी दोराचे किमान पाच आणि कृत्रिम धाग्याच्या दोराचे किमान आठ वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत. नाहीतर दोर मुळापासूनच सुटतो.

पोलादी दोर दगडांवर घासला तरी टिकतो. पण त्याच्या तुटलेल्या तारा हात फाडतात आणि तो तुटला तर चाबकासारखा फिरतो. कृत्रिम दोर हलका आणि हाताळायला सोपा. मात्र धारदार कडा, वाळू आणि ऊन हे त्याचे शत्रू. बातलच्या दगडांत तो वापरायचा तर त्यावर जाड कापडी आवरण हवेच.

झाड नाही, मग काय?

गोव्यात २०१४ मध्ये भरपावसात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा झाली. तिथल्या जंगलात दोर बांधायला झाडांची वाण नाही. बुंध्याची साल सोलू नये म्हणून रुंद पट्टा गुंडाळला की झाले. ग्राम्फूच्या पुढे मात्र झाड औषधालाही मिळत नाही. विंच कितीही बळकट असो, त्याची किंमत दोराच्या दुसऱ्या टोकाइतकीच!

इथे मोठा धोंडा कामी येतो. पण जो अर्धा जमिनीत रुतला आहे तोच. त्याच्या पायथ्याशी पट्टा बांधावा, दोर हळूच ताणून पाहावा आणि धोंडा जरा जरी हलला तर तो सोडून द्यावा. दुसरा उपाय म्हणजे सोबतची गाडी. ती कोरड्या, घट्ट जमिनीवर असावी, हँडब्रेक लावलेला असावा आणि चाकांखाली दगडांची उटी असावी. दोर नेहमी गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या ओढकड्यातच अडकवावा. मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही.

ओढ कमी पडली तर कप्पी वापरावी. टेकूपाशी कप्पी लावून दोर परत आपल्याच गाडीच्या कड्यात अडकवला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. पण टेकूवरचा ताणही वाढतो, हे विसरू नये.

दोर ताणला की माणसे दूर

ताणलेल्या दोरात कित्येक टनांची शक्ती साठलेली असते. म्हणून बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर राहावे. दोर ओलांडू नये, त्यावर पाय देऊ नये. दोराच्या मध्यावर जाड जाकीट किंवा घोंगडी टाकावी, म्हणजे दोर तुटला तरी त्याचा झटका खाली दबतो. हातात चामडी मोजे असावेत. दोर गुंडाळताना हूक बोटाने नव्हे, पट्ट्याने धरावा. ओढताना इंजिन चालू ठेवावे, कारण पूर्ण ताणात विंच ३००–४०० अँपिअर वीज खातो. मिनिटभर ओढून मोटरला विसावा द्यावा. नाल्याच्या गर्जनेत हाक ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात आणि खुणा करणारा एकच असावा.

बसवण्याआधी आणखी एक विचार करावा. विंचचे तीस-चाळीस किलो आणि त्यासाठीचा पोलादी बंपर यांचा भार पुढच्या स्प्रिंगवर येतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बेकायदा क्रॅशगार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते. चुकीच्या जोडणीने एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. वर्षातून एकदाच सहलीला जाणाऱ्या कुटुंबाला ओढपट्टा, फावडे आणि सोबत दुसरी गाडी एवढे पुरते.

जुलै २०२३ मध्ये अवेळी पडलेल्या बर्फामुळे अडीचशेहून अधिक माणसे चंद्रतालला काही दिवस अडकली होती. तिथे कुणाचाही विंच उपयोगी पडणार नव्हता. वाट मोकळी होण्याचीच वाट पाहावी लागली. नाल्यातही नियम तोच. पाणी चढत असेल तर आधी माणसे काठावर आणावीत, गाडीचे नंतर पाहता येते. आणि शक्यतो पहाटेच निघावे. सकाळी नाला ओलांडणाऱ्याला बहुतेक वेळा विंचची गरजच भासत नाही.