अकरा हजार आठशे अकरा

आमच्या घरात डीव्हीडी प्लेअर आला तो धाकट्या काकांच्या लग्नामुळे. चित्रीकरण करणाऱ्याने लग्नाच्या दोन तबकड्या दिल्या आणि त्या पाहायच्या कशावर असा प्रश्न पडला. म्हणून काकांनी गडहिंग्लजच्या बाजारातून तो आणला. पुढे काकांची मुले शाळेत जाऊ लागली, घरात मोबाईल आले आणि प्लेअर टीव्हीखालच्या फळीवर क्रोशाच्या रुमालाखाली पडून राहिला. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो पुसून पुन्हा चालू केला. त्यात लावली ती एक परदेशी तबकडी. चित्रपट जर्मन, मूकपट, आणि जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा. प्रेक्षक दोघेच : मी आणि आजोबा.

ही तबकडी माझ्या हाती आली तीही थोडी फजिती होऊनच. कॉलेजच्या चित्रपट मंडळात विज्ञानकथेवर चर्चा चालली होती. सरांनी फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाच्या 'मेट्रोपोलिस'चे नाव घेताच मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "सर, मी पाहिलाय. मोबाईलवर."

"किती वेळाचा होता?"

"दीड तासाचा असेल."

सर हसले. "म्हणजे तू मेट्रोपोलिस पाहिला नाहीस. त्याचे उरलेले तुकडे पाहिलेस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक खोका माझ्यापुढे ठेवला. अमेरिकेतील किनो या कंपनीने २०१० च्या नोव्हेंबरात काढलेली ती आवृत्ती होती; नावच 'संपूर्ण मेट्रोपोलिस'. सर अशा जुन्या चित्रपटांच्या तबकड्या जमवतात. त्यांच्या एका कपाटात नुसत्या तबकड्याच आहेत. खरे सांगायचे तर त्या कपाटाविषयी मला आदर वाटण्याऐवजी थोडी चीडच आली होती. किंमत ऐकली तेव्हा माझ्या मनात खानावळीचे बिल आले. वाटले, संग्रह करणे हा ज्यांच्या घरात कपाटे आहेत त्यांचा छंद. आमच्या घरी जुने काही जपायची रीत नाही. जपायला जागा लागते, आणि जागा असली तरी पावसाळा आणि वाळवी लागलेलीच असते.

पण सरांनी त्या तबकडीमागची कथा सांगितली आणि मी ती घरी घेऊन गेले.

'मेट्रोपोलिस' पहिल्यांदा दाखवला गेला १० जानेवारी १९२७ रोजी, बर्लिनमध्ये. तेव्हा त्याची लांबी ४१८९ मीटर होती. कथा भविष्यातील एका महानगराची. वर गगनाला भिडणारे मनोरे, त्यांत राहणारे सुखी लोक. खाली जमिनीच्या पोटात यंत्रे आणि त्यांहून खाली कामगारांची वस्ती. नगराचा स्वामी योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर एकदा खाली उतरतो आणि यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसांची स्थिती पाहून हादरतो. कामगारांना धीर देणारी मारिया, आणि तिच्याच चेहऱ्याचे यंत्रमानव बनवणारा रोटवांग हा शास्त्रज्ञ, अशी बाकीची मंडळी. आजही यंत्रमानव म्हटले की जी धातूची आकृती डोळ्यांपुढे येते, तिचे मूळ पुष्कळ अंशी या चित्रपटात आहे.

पण चित्रपट फार लांब आहे, असे विकणाऱ्यांना वाटले. अमेरिकेसाठी पॅरामाउंट कंपनीने त्याला मोठी कात्री लावली, कथेचे धागेही बदलले. त्याच वर्षी जर्मनीतही तो कापूनच पुन्हा दाखवण्यात आला. कापलेला सुमारे एक चतुर्थांश भाग नाहीसा झाला. पुढे ऐंशी वर्षे जगाने जो 'मेट्रोपोलिस' पाहिला, त्याचे कौतुक केले, त्यावर ग्रंथ लिहिले, तो हा कापलेला चित्रपट.

मात्र कापण्यापूर्वीच एक लांब प्रत अर्जेंटिनाला गेली होती. तिथे ती एका चित्रपट समीक्षकाच्या संग्रहात शिरली. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. म्हणून पुढे कधीतरी तिची छोट्या म्हणजे १६ मिलिमीटरच्या फिल्मवर नक्कल करण्यात आली आणि मूळ प्रत गेली. ही नक्कल ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात येऊन पडली. तिचा माग लागला तो एका तक्रारीवरून. एका फिल्म क्लबचा चालक सांगत असे, की हा चित्रपट दाखवताना प्रक्षेपकावर बोटाने फिल्म दाबून धरावी लागली, तीही दोन तासांहून अधिक वेळ! ऐकणारा होता फर्नांदो पेन्या हा चित्रपट संशोधक. त्याच्या मनात आले, चित्रपट तर दीड तासाचा; मग हा दोन तासांहून अधिक वेळ काय दाबून धरत होता? अखेर २००८ साली त्याने आणि संग्रहालयाच्या प्रमुख पाउला फेलिक्स-दिदिएर यांनी ते डबे उघडले, आणि हरवलेला चित्रपट सापडला.

जर्मनीतील मुर्नाउ प्रतिष्ठानने त्यावर काम केले. कोणते दृश्य कुठे बसवायचे, हे ठरवताना गॉटफ्रीड हुपर्ट्झ याने १९२७ साली या चित्रपटासाठी लिहिलेल्या संगीताच्या प्रतीचा मोठा उपयोग झाला. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिन आणि फ्रँकफुर्ट येथे तो पुन्हा दाखवला गेला. सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग परत आला होता.

आता गंमत अशी, की या पंचवीस मिनिटांत कोण परत आले? नगराचा स्वामी कापलेल्या चित्रपटातही होता. शास्त्रज्ञ होता, नायक-नायिका होत्या. नव्हता तो एक कामगार. त्याचे नाव गिओर्गी, क्रमांक ११८११. घड्याळासारख्या एका प्रचंड यंत्रापुढे तो कोसळतो, तेव्हा फ्रेडर त्याची जागा घेतो आणि आपले उंची कपडे त्याला देतो. मोबाईलवर मी एवढेच पाहिले होते. कपडे बदलून तो माणूस कुठे गेला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता, याची आता लाज वाटते. वेळ वाचवायचा म्हणून कात्री फिरली ती या माणसाच्या कथेवर.

दिवाळीत जेवणे झाल्यावर मी तबकडी लावली. आजोबा नेहमीसारखे दाराशी चंची घेऊन बसले होते. "मूकपट हाय? मग बरंय," म्हणाले. त्यांना ऐकू कमी येते. साच्यांच्या खडखडाटाने कान गेले, असे आजी म्हणायची. आजोबा मुंबईत परळला गिरणीत बारा वर्षे होते, एवढेच मला ठाऊक. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि नंतर कधीतरी आजोबा एक वळकटी घेऊन चंदगड तालुक्यातील आमच्या या गावी परत आले. त्या बारा वर्षांविषयी घरात कोणी बोलत नाही.

पडद्यावरचा इंग्रजी मजकूर मी त्यांच्या कानाशी मोठ्याने मराठीत सांगत होते. सुरुवातीलाच पाळी बदलण्याचे ते प्रसिद्ध दृश्य आले. एका बाजूने कामावर जाणाऱ्यांची रांग, दुसऱ्या बाजूने सुटलेल्यांची. सगळ्यांच्या माना खाली, आणि सुटलेल्यांची चाल तर निम्म्या गतीची. मला वाटले, आजोबा गहिवरतील. ते फिस्सकन हसले.

"सुटल्यावर असा कोण चालतोय गं? भोंगा झाला की आमी पळत सुटायचो. खानावळीत पयली पंगत गाठायची असायची. एका खोलीत आमी अठरा जण. रातपाळीवाला उठल्याबिगर दिसपाळीवाल्याला पडाय जागा नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ह्या मशीनीतनं निघतंय काय?"

मला उत्तर देता येईना. खरेच, इतकी यंत्रे, इतकी वाफ, पण त्यांतून काही तयार झालेले कुठे दिसत नाही. आजोबा म्हणाले, "सूत नाही, कापड नाही. मग ह्यो राबतोय कशाला? आमाला निदान म्हाईत होतं, आपण काय विणतोय ते." मी पाहिलेल्या कोणत्याही समीक्षेत हा प्रश्न मला आढळला नव्हता.

मग तो परत सापडलेला भाग आला. तो ओळखू येतो. स्वच्छ, झळझळीत चित्र चालू असताना एकदम पडद्यावर पावसाच्या धारांसारखे ओरखडे येतात, आणि चौकटीच्या कडेला काळी पट्टी दिसते. झिजलेल्या प्रतीची नक्कल करताना तिचे ओरखडेही चित्रातच छापले गेले. ते पुरते पुसायचे तर चित्रच पुसले जाईल. म्हणून जेवढे निघाले तेवढे काढले आणि बाकीचे तसेच ठेवले.

त्या ओरखड्यांमागे क्रमांक ११८११ मोटारीत बसला होता. अंगावर श्रीमंताचे कपडे, खिशात पैसे. जायचे होते एका सांगितलेल्या घरी, पण खिडकीतून एका नाचगाण्याच्या जागेच्या जाहिराती आत येऊन पडतात आणि तो तिकडे जातो. मी म्हणाले, "आबा, बघा, ह्यानं दगा दिला."

"दगा कसला? पयल्यांदा पैसे आलेत त्येच्या खिशात." आजोबा थोडे थांबले. "माझा पयला पगार झाला तवा मी लालबागला भारतमाता थेटरात गेलो. गावाकडं धाडायच्या पैशातनं. तुझ्या पणजीला कळवलं, पगार कमी झाला म्हणून." मग मान न वळवता त्यांनी विचारले, "नंबर काय म्हनलीस त्येचा?"

"अकरा हजार आठशे अकरा."

"माझा चार हजार एकशे बारा. तिकीट नंबर."

चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला, पण तो आकडा त्यांना आठवावा लागला नाही.

पुढे गिओर्गी परत येतो आणि फ्रेडरवर उगारलेला वार स्वतःच्या अंगावर घेऊन मरतो. आजोबा काही बोलले नाहीत. शेवटी स्वामी आणि कामगारांचा मुकादम यांचे हात फ्रेडर एकमेकांत देतो. मेंदू आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, असे तात्पर्य आहे. मी ते मराठीत सांगितले. आजोबा म्हणाले, "हात मिळवलं ते बरं झालं. पर पगार किती ठरला?" हा शेवट पुढे खुद्द लांग यालाही पटत नव्हता, हे सरांनी मला नंतर सांगितले. ही कथा लिहिणारी त्याची तेव्हाची पत्नी टेआ फॉन हार्बू. लांगने १९३३ साली जर्मनी सोडली. ती मात्र नाझी राजवटीत तिथेच राहून लिहीत राहिली. लांगशी घटस्फोट झाल्यावर तिने बर्लिनमध्ये लग्न केले ते बेळगुंदीच्या आयी तेंडुलकर यांच्याशी. आजोबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बेळगुंदी? आपल्या बेळगावजवळची? मग तिला इचारायचं की, हिकडं कुणी!"

चित्रपटाच्या या आवृत्तीतही दोन प्रसंग अजून नाहीत. एक धर्मोपदेशकाच्या प्रवचनाचा, दुसरा फ्रेडरसन आणि रोटवांग यांच्या झटापटीचा. तिथे काय घडते ते लिहून दाखवले आहे. कोणी नवे चित्र काढून खड्डा बुजवलेला नाही. मला या तबकडीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटली.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मी आजोबांना एक प्रश्न विचारला, जो घरात कोणी विचारत नाही. गिरणी कामगारांना घरे मिळण्याची योजना आली तेव्हा त्यांनी अर्ज का पूर्ण केला नाही? आजोबा म्हणाले, "गिरणीत व्हतो ह्येचा पुरावा मागत्यात. माझी कागदं पेटीत व्हती. पेटी वाळवीनं खाल्ली." संप सुरू झाल्यापासून गावी येईपर्यंत ते कुठे राहिले, काय खाल्ले, हेही विचारले. त्यावर त्यांनी चंची बंद केली.

एका चित्रपटाची प्रत समुद्रापलीकडे कोणीतरी ठेवली होती. मालकांना तिचे काही नव्हते. ठेवणाऱ्याने ठेवली म्हणून राहिली. संग्रह म्हणजे श्रीमंतांचा छंद, हे माझे मत मी मागे घेतले आहे. माझ्या आजोबांच्या बारा वर्षांची प्रत कोणाकडे असेल?

सुट्टी संपताना मी एक वही केली. पहिल्या पानावर ४११२ लिहिले. खाली अठरा जणांच्या खोलीपासून भारतमाता थेटरापर्यंत जे ऐकले ते लिहिले, आणि संपानंतरच्या काळासाठी दोन पाने कोरी सोडली. आजोबांच्या शेजारच्या साच्यावरचे एक गृहस्थ आजऱ्याजवळच्या एका गावात अजून आहेत, असे कळते. त्यांनी म्हणे कागद फेकले नाहीत, पत्र्याच्या डब्यात घालून ठेवले. परीक्षा झाली की मी आजोबांना घेऊन तिकडे जाणार आहे. सरांची तबकडी परत केली, तेव्हा हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, "डबा उघडलास की मला कळव."

— द्वितीय वर्ष, कला शाखा