बोल्टावरचा क्रमांक

जुन्या वस्तूच्या दुरुस्तीचा आरंभ कोठें करावयाचा हें आपल्या हातीं असतें. ती कोठें जाऊन थांबेल हें मात्र आपल्या हातीं नसतें. एक तुळई बदलावयास जावें आणि सगळी भिंत उतरविण्याची पाळी यावी, असा अनुभव पुष्कळांस आला असेल. मला तो एका रायफलीची नळी बदलतांना आला. आणि त्या कामांत जी हलली तीहि एक भिंतच होती.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें झरी गांव आहे. माझ्या आजोबांनीं, म्हणजे नानांनीं, आणि त्यांच्या धाकट्या बंधूंनीं 1938 सालीं, निजामी अमदानींत, हैदराबादेहून दोन रायफली आणल्या. दोन्ही एकाच घडणीच्या, ली-एन्फील्ड जातीच्या, .315 छिद्राच्या. लष्कराचें .303 काडतूस खाजगी माणसाच्या हातीं पडूं नये असा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा कटाक्ष असे; म्हणून शिकाऱ्यांसाठीं त्याच जातीच्या रायफलीला हें निराळें छिद्र देत. पुढें 1952 सालीं भावाभावांत वाटणी झाली. वाड्याच्या मधोमध भिंत उभी राहिली, रायफली एकेकाकडे गेल्या आणि बोलणें खुंटलें. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारहि संपली. तेव्हांपासून आमची रायफल लोखंडी कपाटांत मुकी पडून होती. परवान्याचें नूतनीकरण आणि निवडणुका आल्या कीं ठाण्यांत जमा होणें, एवढाच तिचा प्रवास.

गेल्या वर्षीं अण्णांनीं, माझ्या वडिलांनीं, एकाएकीं हट्ट धरला कीं, घरांत वस्तु ठेवावयाची तर ती धड ठेवावी. नळी उजेडाकडे धरून पाहिली तर आंतील चक्राकार खांचा ठिकठिकाणीं गंजानें खाल्लेल्या. मला याचें नवल वाटलें, कारण नाना त्या रायफलीला पोटच्या पोराप्रमाणें जपत. शिकारीहून परतले कीं हातपाय धुण्यापूर्वीं नळींत तेल घालीत. पाण्याचा थेंबहि तिला लागूं देत नसत. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणें शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेंच करावयाची असते. अशा एका वृद्ध कारागिराला मीं हें सांगितलें तेव्हां त्यानें नुसती मान हलविली. त्या काळच्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला कीं त्याचा क्लोराइड होऊन नळींत बसे. हा क्षार मिठाच्याच जातीचा. हवेंतील ओल ओढून घेणारा, पाण्यांत विरघळणारा आणि तेलाला न जुमानणारा. म्हणून पलटणींतले शिपाई गोळीबारानंतर आधीं नळींतून उकळतें पाणी ओतीत आणि मग तेलाचा हात देत. नानांनीं मायेपोटीं पाणी दूर ठेवलें, आणि त्या मायेनेंच नळी खाल्ली.

नळी बदलण्यास अण्णांची हरकत नव्हती. पण त्यांची एक अट होती. “बोल्टाला हात लावूं देऊं नकोस. नानांच्या हाताची तेवढीच खूण आहे.” बोल्ट म्हणजे रायफलीच्या दाराची कडी. ती मागें ओढावी, काडतूस वर येतें. पुढें सारून दांडा खालीं पाडावा, नळीचें मागचें तोंड बंद होतें. त्या दांड्याची गोळी तळव्याच्या घर्षणानें रुपयासारखी गुळगुळीत झाली होती. मीं ती अट कारागिराला कळविली. त्यानें होय कीं नाहीं कांहींच न म्हणतां पांढरें फडकें अंथरलें आणि बोल्ट सोडविला.

फडक्यावर तीन ढीग झाले : ठेवावयाचें, टाकावयाचें, मोजावयाचें. आंतली कमान त्यानें मला न विचारतांच टाकावयाच्या ढिगांत घातली. इतकीं वर्षें दबून राहिलेल्या कमानीच्या जोराचा भरंवसा कोणी धरावा? काडतुसाच्या टोपीवर आघात करणाऱ्या पिनीचें टोंक खरबरीत झालें होतें. असें टोंक टोपी भोंसकतें आणि त्या छिद्रांतून तप्त वायु मागें येतो, तीहि गेली. रिकामी पुंगळी खेचून काढणारी आंकडी कडेला झिजली होती, तीहि गेली. येथवर मी निमूट पाहत होतों. ‘मोजावयाचें’ या ढिगांत आतां बोल्ट तेवढा उरला.

काडतुसाला बुडाशीं एक कांठ असतो. तो नळीच्या मागच्या तोंडावर टेकतो आणि त्याच्या मागें बोल्टाचें डोकें येतें. या दोहोंमध्यें कांठापुरतीच जागा असावी लागते. तिला कारागीर हेडस्पेस म्हणतात. लष्करी .303 रायफलींत ती एका इंचाच्या 64 हजारांश भागांहून कमी आणि 74 हजारांश भागांहून अधिक नसावी असा दंडक होता. म्हणजे सगळी मुभा सुमारें पाव मिलिमीटरची! जागा कमी पडली तर बोल्ट जड चालतो किंवा बंदच होत नाहीं. ती अधिक झाली तर बार होतांच पुंगळीचें पातळ अंग नळीला चिकटून बसतें, बूड मात्र मागें सरकतें, आणि मधला पितळेचा पत्रा ताणून फाटतो. मग दाराच्या फटींतून जें बाहेर पडतें तें नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येतें.

ली या संशोधकाच्या रायफलींत बोल्टाचें डोकें सुटें असतें, हें तिचें वैशिष्ट्य. तें बदलून ही फट जुळवितां येते. दुसऱ्या महायुद्धांतील ‘नंबर 4’ रायफलीसाठीं तर 0 पासून 3 पर्यंत आंकडे घातलेलीं चार निरनिराळ्या लांबीचीं डोकीं मिळत. नवी नळी बसवितांना तर सारें नव्यानेंच जुळवावयाचें असतें. तेव्हां आमचा बोल्ट वांचेल अशी मला आशा होती. परंतु कारागिरानें बोल्टाच्या दोन्ही खांद्यांना काजळी लावली, तो रायफलीच्या अंगांत घालून बंद केला आणि पुन्हां बाहेर काढला. एका खांद्याची काजळी पुसली होती. दुसऱ्याची जशीच्या तशी होती. बाराचा सगळा रेटा हे दोन खांदे मिळून झेलतात. येथें दोघांचें ओझें एकटाच वाहत होता. “हा बोल्ट या घरचा नाहीं,” तो म्हणाला, आणि दांड्याच्या मुळाशीं ठोकलेल्या क्रमांकावर त्यानें भिंग धरलें. रायफलीच्या अंगावरचा क्रमांक निराळा होता.

नवी नळी आली म्हणून भागत नाहीं, हें कारखान्यांनाहि चुकलेलें नाहीं. 1962 च्या चीनशीं झालेल्या युद्धानंतर ईशापूरच्या रायफल कारखान्यानें याच जुन्या घडणीची रायफल 7.62 मिलिमीटर काडतुसासाठीं बनविली. तेव्हां नळीबरोबर अंगाचें आणि बोल्टाचें पोलादहि अधिक बळकट घ्यावें लागलें. आणि नव्या काडतुसाला जुन्यासारखा बाहेर आलेला कांठ नसल्यामुळें आंकडीहि निराळी करावी लागली.

मी झरीला परतलों आणि कपाटाच्या तळांतून एक पत्र्याची डबी काढली. लहानपणीं तींतल्या पितळी पुंगळ्यांच्या आम्हीं शिट्या केल्या होत्या. कांहींच्या बुडावर खडकीच्या कारखान्याचीं ‘के. एफ.’ हीं अक्षरें होतीं. मीं त्या एकेक करून पुसल्या. पुष्कळांच्या बुडाजवळ एक चकचकीत वर्तुळ होतें, आणि दोन तर त्या वर्तुळावर अर्ध्याअधिक फाटल्या होत्या. नानांच्या उजव्या भुवईवर निळसर काळे ठिपके होते. विचारलें कीं, “एक काडतूस वाईट निघालें,” एवढेंच ते सांगत. काडतूस वाईट नव्हतें. आम्ही ज्याला नानांची खूण म्हणत होतों, त्यानेंच एकदां त्यांचा डोळा जवळजवळ घेतला होता.

मग भिंतीपलीकडे जाणें भाग पडलें. नानांच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव, माझे काका, आतां नव्वदीच्या घरांत आहेत. मला दारांत पाहून ते म्हणाले, “काय रे, वाट चुकलास?” मीं कागदावर लिहिलेला क्रमांक पुढें केला. त्यांच्या वडिलांची रायफल त्यांच्या निधनानंतर केव्हांच सरकारजमा झाली होती. पण निजामी काळांतलें परवान्याचें पुस्तक पेटींत होतें. तें उर्दूंत. मला त्यांतलें अक्षर कळेना. काकांचें पहिलें शिक्षण मात्र उर्दू शाळेंत झालें होतें. त्यांनीं चष्मा पुसला आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवीत मजकूर वाचला. मग क्रमांकाचे आंकडे एकामागून एक उच्चारले. ते माझ्या कागदावरच्या आंकड्यांशीं जुळले.

दोन्ही भाऊ रायफल ठेवतांना बोल्ट काढून निराळे ठेवीत. वाटणीच्या गडबडींत ते बदलले गेले असावेत, इतकाच तर्क करतां येतो. काका बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “दादा मरेपर्यंत म्हणत असत, थोरल्यानें चांगली रायफल ठेवून घेतली आणि जड चालणारी आमच्या गळ्यांत मारली. बोल्ट पाडतांना त्यांना दोन्ही हात लावावे लागत.” इकडे फट अधिक होती, तिकडे कमी पडत होती! वाटणींतली सगळी गाऱ्हाणीं एवढ्यानें मिटतील असें मी म्हणत नाहीं. जमिनीच्या बांधाची गोष्ट वेगळी आहे. परंतु हें एक गाऱ्हाणें तरी दोन घरांनीं दोन पिढ्या वाहिलें, आणि तें केसाच्या जाडीचें मोजमाप न केल्यामुळें.

रायफलीला नवा बोल्ट बसला. खांदे दोन्ही बाजूंनीं टेकले, फट मोजून घेतली, तेव्हांच कारागिरानें ती हातांवेगळी केली. जुना बोल्ट काकांना द्यावा असें अण्णांच्या मनांत आलें. परंतु कायद्याच्या दृष्टीनें शस्त्राचा सुटा भागहि शस्त्रच असतो. तो कागदावर दाबून ठेवावयासहि घरांत ठेवतां येत नाहीं. रीतसर नोंद करून तो जमा केला. अण्णांना वाईट वाटलें, पण त्यांनीं अट पुन्हां काढली नाहीं.

त्या फाटक्या पुंगळ्यांपैकीं एक मीं काकांकडे नेऊन दिली. त्यांनीं ती उजेडाकडे धरली, चकचकीत वर्तुळावरून नख फिरविलें, आणि विचारलें, “अण्णा बरा आहे का?” मीं म्हटलें, “पलीकडेच आहेत. बोलावूं?” ते म्हणाले, “नको, मीच येतों. चपला कुठें आहेत बघ.”