तळचं मडकं

नोकरदाराच्या घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येतो. शेतकऱ्याच्या घरात तो कधी थेंबाथेंबानं येतो, कधी लोंढ्यासारखा. आमच्या कोल्हापूरकडं आडसाली ऊस आषाढ-श्रावणात लावला की तोडणीला यायला सोळा-अठरा महिने जातात. बिल निघालं की आधी सोसायटीचं पीककर्ज कापून घेतात, उरेल ते हातात. म्हणजे दीड वर्षाच्या कष्टाचा पैसा एकदाच दिसणार, आणि दिसतानाच कमी झालेला असणार.

मधल्या दिवसांत घर चालायचं म्हशीवर. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं, फॅट लागली की पुस्तकात नोंद व्हायची, दर दहा दिवसांनी बिल. पेंडेचं पोतं उचललं असलं तर तेही त्यातनं वजा.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण या पैशांची गल्लत तिनं कधी होऊ दिली नाही. दुधाचं बिल किराण्याला. अंड्यांचे पैसे आमच्या वह्या-पेन्सिलींना. उसाचं बिल बियाणं, खत, घराची कौलं आणि लग्नकार्याला. त्यातला रुपयाही चहा-साखरेला जायचा नाही. आणि दुसऱ्याच्या रानात भांगलून मिळालेला रोजगार तिचा स्वतःचा. बाजारादिवशी उतरंड पुसायला उतरवली की त्यातले दहा रुपये आधी तळच्या मडक्यात जायचे. "उरलं तर टाकीन म्हटलं की उरत न्हाई बाळा," ती म्हणायची, "आधी टाकायचं, मग ऱ्हाईल त्यात भागवायचं." दर दहा रुपयांना मागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. एरवी पैसे काढायचे तर सगळी उतरंड उतरवावी लागे, आणि तेवढ्या वेळात खर्चाची हौस निघून जाई.

एका चैत्रात विहिरीवरची मोटर जळाली. ऊस करपायला लागला. तुटून गेलेल्या उसाचं बिल अजून निघालं नव्हतं, आणि वाइंडिंगवाला रोख मागत होता. सावकाराचा दर होता महिन्याला शेकडा पाच रुपये.

आबा म्हणाले, "म्हस इकूया."

"आणि दर धा दिवसाला काय इकायचं?" आई म्हणाली.

तिनं एकेक मडकं खाली ठेवलं. भिंतीवरच्या रेघा भरल्या एकशे चौदा. अकराशे चाळीस रुपये तिनं आबांच्या पुढ्यात मोजून ठेवले आणि म्हणाली, "ह्ये घराला दिल्यालं न्हाई. उसनं दिलंय. शेकडा दोन रुपयं."

आबा हसले. ती हसली नाही. बाईचा पैसा घरात गेला की तो परत येत नाही, हे तिनं भावकीत पाहिलं होतं. आणि मडकं रिकामं राहिलं तर पुढच्या अडचणीला सावकाराचंच दार, हेही तिला ठाऊक होतं. दिवाळीला डेअरीचा फरक मिळाला तेव्हा आबांनी व्याजासकट सगळे पैसे फेडले. म्हैस दावणीलाच राहिली.

नाबार्डनं 1992 मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. पुढं काही वर्षांनी ते वारं आमच्या गावातही आलं. दहा-वीस बायकांनी दर महिन्याला सारखी रक्कम भरायची, अडल्या-नडलीला त्यातनंच कर्ज द्यायचं, व्याज गटातच ठेवायचं. समजावून सांगणाऱ्या बाईंना आई म्हणाली, "ह्ये तर माझंच मडकं. फकस्त समद्यांचं मिळून."

आता दुधाचं बिल बँकेत जमा होतं आणि उसाचंही. सोय झाली, पण एका खात्यात पडलेला पैसा कुठला दुधाचा आणि कुठला उसाचा, ते ओळखू येत नाही. मग लोंढ्याच्या भरात थेंबही वाहून जातात. माझ्या धाकट्या भावानं म्हणून दोन खाती ठेवलीत, एक दुधाचं आणि एक उसाचं. तिसरं त्याच्या बायकोचं आहे. त्यात किती आहेत, ते तो विचारत नाही.