नाशिकरोडचा कागद

म्हसरूळच्या गजपंथाचे दर्शन आटोपलेला यात्रेकरू सहसा पंचवटीत किंवा गोदाघाटावर थोडा रेंगाळतो आणि गाडी गाठण्यापुरताच नाशिकरोडला येतो. गेल्या माघात मी मात्र डोंगर उतरलो तो थेट नाशिकरोडला गेलो आणि सारा दिवस तेथेच राहिलो. माझ्या पिशवीत एक जुने पाकीट होते आणि त्या पाकिटात दोन घराण्यांचा जुना वाद होता.

वाद थोडक्यात असा. आमच्या पणजोबांनी खानदेशात जिनिंगचा कारखाना घातला, तेव्हा नगर जिल्ह्यातील थोरल्या चुलत बंधूंकडून रक्कम उचलली होती. आमच्या खातेवहीत संवत १९८१ च्या पाडव्याला, म्हणजे १९२४ साली, ते खाते ‘चुकते’ म्हणून बंद झालेले आहे. नगरचे घर मात्र पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले की पैसे पुरते पोहोचलेच नाहीत. भांडण कोणी केले नाही. पण लग्नकार्यात आहेर तेवढा होई, मुक्काम होत नसे.

नगरचा वाडा उतरवताना आमच्या चुलतआत्यांना हे पाकीट सापडले. “तू तिकिटे जमवतोस, तुझ्याजवळ राहू दे,” एवढेच बोलून त्यांनी ते माझ्या हाती दिले. आत पत्राचे दुसरेच पान उरले होते; मिती लिहिलेले पहिले पान वाळवीने खाल्ले होते. अक्षर पणजोबांचे होते. जिनिंगच्या वेळच्या रकमेपैकी सहाशे रुपये अजून देणे असून ते पुढच्या हंगामात पाठवतो, असा मजकूर होता. आमचे थोरले काका पत्र वाचून शांतपणे म्हणाले, “हे १९२३ चे असणार. पुढच्याच वर्षी खाते मिटले.” त्यांचे म्हणणे खोडून काढावे असे माझ्याजवळ काही नव्हते. पाकिटावर पंचम जॉर्ज बादशहाचे एक आण्याचे चॉकलेटी तिकीट होते. ओलीने ते सुटून आत पडले होते. टपालाचा शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर उमटलेला होता आणि दोन्ही अर्धे तंतोतंत जुळत होते. गावाचे नाव वाचता येत होते. साल तेवढे शाईच्या डागात बुडाले होते.

नाशिकरोड हे गाव रेल्वेमुळे वाढले. एका अंगाला देवळालीची लष्करी छावणी आणि स्टेशनापासून जवळच सरकारी छापखान्यांचा विस्तीर्ण परिसर. उंच भिंती, त्यांवर तारा, फाटकाशी पहारा. आत जाण्याची परवानगी सामान्यांना नाही आणि ते योग्यच आहे. देशाची पोस्टाची तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्ट येथे छापतात. शेजारच्या चलार्थपत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या भिंतीलगत चालताना मनात आले की आपल्या पेढ्यांवरची किती देणीघेणी याच आवारातून निघालेल्या कागदावर उभी राहिली असतील!

छापखान्यामागच्या एका गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. पन्नास वर्षे त्यांनी तिकिटांचा अभ्यास केला आहे. मी पाकीट पुढे केले. मास्तरांनी पत्राकडे पाहिलेदेखील नाही. “शेटजी, तिकिटाचा चेहरा आपण नंतर बघू. आधी त्याची पाठ बघू,” असे म्हणून त्यांनी ते चिमट्याने उचलले.

आपल्या वाचकांना मुद्रांकाचा कागद उजेडापुढे धरून पाहण्याची सवय आहेच. पोस्टाच्या तिकिटाचेही तसेच असते. कागदाचा लगदा ओला असतानाच त्यावरून तारेच्या नक्षीचा रूळ फिरवतात. जेथे तार दाबते तेथे कागद किंचित पातळ होतो आणि तेवढी आकृती कायमची राहते. तेच जलचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क. ते पुसता येत नाही आणि मागाहून घालणेही अवघड; कारण ते कागदावर नसते, कागदातच असते.

मास्तरांनी मग मला या देशातील तिकिटांच्या कागदाचा इतिहासच सांगितला. १८५४ ची पहिली तिकिटे कलकत्त्यात छापली गेली. त्या कागदावर ईस्ट इंडिया कंपनीचे भलेमोठे राजचिन्ह पूर्ण तावभर पसरलेले असे. एकेका तिकिटाच्या वाट्याला त्याचा एखादा तुकडा येई. पुढे लंडनच्या ‘डी ला रू’ कंपनीकडे काम गेले. १८६५ पासून तिकिटात हत्तीचे मस्तक आले, १८८२ च्या सुमारास एकच तारा आला. काश्मीर संस्थानाने तर देशी हातकागदावर पाण्यात विरघळणाऱ्या रंगांनी तिकिटे छापली. असे तिकीट कोणी भिजवले तर चित्रच वाहून जायचे.

“आता तुमचे तिकीट,” मास्तर म्हणाले. “एक आण्याचा रंग १९२२ मध्ये चॉकलेटी झाला. तेव्हा ते लंडनला छापले जात होते. १९२६ पासून तेच तिकीट आमच्या नाशिकात छापू लागले. राजा तोच, रंग तोच, किंमतही तीच. फरक कागदाचा. लंडनच्या तिकिटात एकच तारा असतो, नाशिकच्या तिकिटात लहान ताऱ्यांच्या ओळी असतात.”

मी विचारले, “एकच तारा निघाला तर?”

“तर काहीच सिद्ध होत नाही. जुना साठा पोस्टात पुढेही विकला जातोच. पण अनेक तारे निघाले, तर हे पत्र १९२६ च्या आधीचे असू शकत नाही. जो कागद अजून वापरात आला नव्हता, त्याचे तिकीट कोण लावणार?”

त्यांनी तिकीट आधी खिडकीपुढे धरले. गडद रंगामुळे काही कळेना. मग ते काळ्या बशीत पालथे ठेवले, खिडकी उघडी असल्याची व आसपास निखारा नसल्याची खात्री केली आणि लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब पाठीवर सोडले. कागद क्षणभर ओलसर झाला. पातळ भाग गडद दिसू लागले. आधी एक तारा, त्याच्याखाली तिरपा दुसरा, मग कडेला दात्यांपाशी तुटलेले आणखी दोन. काही क्षणांत पेट्रोल उडून गेले आणि तारे मावळले. मास्तरांनी पुन्हा दोन थेंब सोडले. मी पुन्हा मोजले.

चहा येईपर्यंत कोणीच बोलले नाही. मग त्यांनी बहुधा माझे मन रमावे म्हणून आपला संग्रह काढला. १९३५ च्या रौप्यमहोत्सवी मालिकेत सव्वा आण्याचे तिकीट कलकत्त्याच्या जैन मंदिराचे आहे. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत पंधरा रुपयांच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीच्या तिकिटावर पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर आहे. दोन्ही नाशिकचीच छपाई आणि दोन्हींत त्याच ताऱ्यांच्या ओळी. राज्य बदलले, राजाचे चित्र गेले, तरी काही वर्षे कागद तोच राहिला. १९५७ च्या नव्या पैशांच्या नकाशा मालिकेतही आधी तारे होते. पुढच्या वर्षापासून त्यांची जागा अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाने घेतली. शत्रुंजयाचे ते तिकीट मी एरवी तासभर पाहत बसलो असतो. त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे चॉकलेटी तिकीटच होते.

घरी आल्यावर काकांपुढे बशी, चिमटा आणि भिंग ठेवले. मी काही समजावून सांगितले नाही. ताऱ्यांचा अर्थ तेवढा सांगितला. काकांनी स्वतः थेंब सोडले, स्वतः मोजले. मग जुनी खातेवही मागवली, ‘चुकते’ या शब्दावर बराच वेळ बोट ठेवले. ते खाते कोणी व का बंद केले, हे आता कळणार नाही. ते एवढेच म्हणाले, “वही आपण लिहिली होती. कागद सरकारचा आहे.”

पंधरा दिवसांनी आम्ही नगरला गेलो. सहाशे रुपयांवर व्याजाची आकारणी काकांनी स्वतःच केली होती. आत्या आधी रक्कम घेईनात. “घेतलीत तरच खाते मिटेल,” असे काका म्हणाले, तेव्हा त्यांनी ती मोजून घेतली. पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावून सही केली. त्या रात्री आम्ही त्यांच्याकडे मुक्काम केला.

वाचकहो, आपल्या घरांतल्या माळ्यांवर जुन्या पेढ्यांची पत्रे आहेत. रद्दीत घालण्यापूर्वी ती एकदा पाहा. तिकीट पाकिटावरून कापू किंवा उपटू नका, पाण्यात भिजवू नका. शिक्क्यासह जसे आहे तसे जपा. त्या तिकिटाला बाजारात किंमत येईल की नाही, हा प्रश्न वेगळा. आमच्या एक आण्याच्या तिकिटाला बहुधा फारशी येणार नाही.