एका डोळ्याचा घोडा

धर्मगुरूने मोटारगाडी घेतली की धर्मग्रामात चर्चा होते, आणि ती जुनी असली तर सल्ले मिळतात. आम्हांला दोन्ही गोष्टी भरपूर मिळाल्या.

वयाची पंचावन्न वर्षे उलटेपर्यंत आमचे सारे हिंडणे मोटारसायकलवर झाले. नांदेड जिल्ह्यात आमची कुटुंबे विखुरलेली. एक घर लोह्याला, दोन कंधारकडे, तीन-चार मुखेडच्या वाटेवर. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या कंबरेने असहकार पुकारला आणि हाडांच्या डॉक्टरांनी दुचाकीला बंदी केली. धर्मग्राम समितीने एक लाख रुपये मंजूर केले. गाडी नावावर करण्याचा खर्चही त्यातच भागवायचा होता.

आमच्या पिढीच्या मनात लहान गाडी म्हणजे मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सेमिनरीत असताना तिच्या मागच्या आसनावर आम्ही पाच जण बसत असू, आणि पाचवा नेहमी आम्हीच असू. परंतु ८०० आता वयाने फार झाल्या. २००० साली आलेल्या अल्टोतही ७९६ सीसीचेच, तीन सिलिंडरांचे इंजिन होते. तिचे दुखणे ओळखणारा माणूस देगलूरपासून किनवटपर्यंत कुठेही भेटतो, आणि जुन्या गाडीचा मुख्य गुण आमच्या मते हाच. गाडी बंद पडणारच. प्रश्न एवढाच की ती कोणासमोर बंद पडते.

आमच्याबरोबर एक मिस्त्री होते. चाळीस वर्षे हात तेलात असलेला माणूस. नांदेडच्या एका दलालाकडे त्यांनी आम्हांला पहिला धडा दिला. समोर २०१० ची गाडी उभी होती. रंग आरशासारखा, मीटरवर ४८,००० किलोमीटर. मिस्त्री इंजिनाकडे गेलेच नाहीत. खाली वाकून त्यांनी ब्रेकच्या पेडलचे रबर दाखवले; त्यावरच्या रेघा पार झिजून गेल्या होत्या. स्टिअरिंगचे चाक हातांच्या घामाने गुळगुळीत झाले होते. "फादर, पन्नास हजारांत पाय एवढे घासत नाहीत," ते हळूच म्हणाले. मीटरचे आकडे हल्ली यंत्र जोडून हवे तेवढे मागे नेता येतात म्हणे. पेडलचे रबर मात्र मागे नेता येत नाही.

लातूरची गाडी एका निवृत्त गुरुजींची होती. २००९ ची अल्टो, मीटरवर १,६३,००० किलोमीटर. आकडा ऐकूनच आम्ही नकार देणार होतो. पण गुरुजींनी हिशेब मांडला. लातूरहून चाकूरकडची शाळा एका बाजूने ३५ किलोमीटर, म्हणजे रोजचे ७०. वर्षाचे २२० दिवस, अशी दहा वर्षे. आम्ही मनात गुणाकार केला : १,५४,०००. उरलेले नऊ हजार दवाखान्याचे होते. पत्नी गेल्यापासून गाडी बहुतेक उभीच होती.

गुरुजींनी एक जाडजूड फाईल पुढे ठेवली. पंधरा वर्षांच्या पावत्या तारखेनिशी लावलेल्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला, क्लच प्लेट कधी टाकली, सारे त्यात होते. पंधरा वर्षांची नोंदणी २०२४ मध्ये संपल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी ती वाढवल्याचा कागदही होता. ह्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पूर्वी ६०० रुपये होती, ती ५,००० झाली. आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरील मोटारीला १०,००० केली आहे. २०२९ मध्ये तो आकडा आमची वाट पाहत असेल.

जानेवारी २०२५ ची ती सकाळ थंड होती, आणि मिस्त्रींना तीच हवी होती. गरम इंजिन खोटे बोलते, असे त्यांचे मत. गाडी थंड असताना सुरू करून ते सायलेन्सरच्या मागे उभे राहिले. निळा धूर आला तर इंजिन ऑईल जळते आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. धूर आला नाही. टायरच्या कडेवरील चार आकडेही त्यांनी वाचून दाखवले : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पत्रा तळापासून कोरा होता. आमच्या वसईकर वाचकांना याचे नवल वाटेल. खाऱ्या हवेत गाडीची जमीन आधी जाते आणि इंजिन मागाहून. मराठवाड्याची कोरडी हवा माणसांना पाण्यासाठी रडवते, पण पत्रा सांभाळते. तिच्या उन्हात तडकतात ते रबरी पाईप. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही म्हणून मिस्त्रींनी इंधनाचे पाईप बदलायला सांगितले. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच भागातला ऊस असा आमच्या टाकीत येऊन पोहोचतो. असो.

गुरुजी स्वतःच म्हणाले, "फादर, थंडीत दुसरा गिअर चटकन पडत नाही. बाजारात हिचे नव्वद सांगतात. गिअरचे दहा हजार मी सोडलेत. ऐंशी द्या."

येथे आम्ही काय केले ते लिहिण्यासाठीच हा लेखनप्रपंच. आम्ही घासाघीस केली. दुसरा गिअर, मीटरचा आकडा, पंधरा वर्षांचे वय, पाईप. गुरुजींनी आपण होऊन सांगितलेली प्रत्येक गोष्ट आम्ही त्यांच्यासमोर पुन्हा मांडली. ते फारसे बोलले नाहीत. ७२,००० वर व्यवहार ठरला.

परतताना अहमदपूर मागे टाकून आम्ही माळेगावच्या माळावर चहाला थांबलो. खंडोबाची यात्रा उठून दोन आठवडे झाले होते. माळावर खुंट्यांच्या खुणा आणि वाळके शेण तेवढे होते. मिस्त्री सांगू लागले की लहानपणी ते वडिलांबरोबर इथे घोडे पाहायला येत; दलाल दस्तीखाली बोटे धरून भाव ठरवत आणि घोड्याचे वय दात पाहून सांगत. मग सहज म्हणाले, "गुरुजी भोळे. सच्च्या मीटरची गाडी नांदेडात नव्वदला डोळे झाकून गेली असती."

घोडा म्हटल्यावर आम्हांला सेमिनरीतील नीतिशास्त्राचा वर्ग आठवला. संत थॉमस अक्वायनस यांनी विक्रेत्याच्या कर्तव्याची चर्चा करताना एका डोळ्याच्या घोड्याचे उदाहरण घेतले आहे. दोष उघड दिसत असेल तर तो सांगण्याचे बंधन विकणाऱ्यावर नाही. मात्र त्या दोषापुरती किंमत त्याने कमी केलेली असावी. आणि तांबे समजून कोणी सोने विकत असेल व घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर घेणाराही भरपाईला बांधलेला आहे. परीक्षेत ह्या प्रश्नाला आम्हांला चांगले गुण मिळाले होते. गुरुजींनी तर न दिसणारा दोष सांगितला होता, त्याची किंमतही वजा केली होती. आम्ही तीच वजाबाकी दुसऱ्यांदा केली. पेडलच्या रबराने खोटे पकडायला शिकलो, आणि खरे बोलणाऱ्याला त्याच सकाळी आठ हजारांनी बुडवले. चहा तसाच राहिला.

समितीच्या बैठकीत खजिनदारांनी आमची पाठ थोपटली. आम्ही माळेगावचा विचार बोलून दाखवला तेव्हा सर्व शांत झाले, मग ते म्हणाले, "फादर, व्यवहार दोघांच्या खुशीने झाला." चूक आमची होती, तेव्हा तिचा भार धर्मग्रामावर टाकणे योग्य नव्हते. आम्ही विषय वाढवला नाही.

फेब्रुवारीत ना-हरकत दाखल्यासाठी पुन्हा लातूरला जावे लागले. गाडी एमएच-२४ ची, नोंदणी नांदेडच्या एमएच-२६ कार्यालयात न्यायची. त्यासाठी २८ नंबरचा फॉर्म, आणि नावबदलासाठी २९ व ३०. सह्या झाल्यावर आम्ही गुरुजींसमोर पाकीट ठेवले. त्यांनी उघडून मोजले. आठ हजार.

"हे कशाचे?"

"गिअरचे. आम्ही दोनदा कापले होते."

ते बराच वेळ गप्प होते. ते नाकारतील आणि आम्ही आग्रह करू, अशी आमची तयारी होती. मनातून कदाचित त्या नकाराची आशाही असावी. त्यांनी पाकीट कपाटात ठेवले आणि वहीचे पान फाडून ठळक, वळणदार अक्षरांत पावती लिहिली : गिअरबद्दल रुपये आठ हजार फक्त, मिळाले. खाली तारीख, सही. मग आमच्याकडची फाईल मागून घेऊन त्यांनी ती पावती तारखेच्या क्रमाने शेवटी लावली, आणि दोरी पुन्हा बांधून दिली.

थंडीच्या सकाळी दुसरा गिअर अजूनही चटकन पडत नाही. मीटरवर १,७४,००० झाले आहेत.