उठवलेल्या बॅटरीची परीक्षा

ताररहित ड्रिलची अठरा व्होल्टची बॅटरी चार्जरने नाकारली की ती मेली असे वापरणारा धरून चालतो, तर ती सहज उठवता येईल असे दुरुस्ती करणाऱ्याला वाटते. खरे उत्तर या दोघांच्याही अंदाजात नसून मोजमापात असते. अशा पॅकमध्ये बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे लिथियम-आयन सेल असतात, आणि ३.६ व्होल्टचे पाच सेल, किंवा समांतर जोडलेल्या सेलांचे पाच गट, सिरीजमध्ये म्हणजे एकापुढे एक जोडून १८ व्होल्ट मिळवलेले असतात. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टवर पोहोचत असल्यामुळे हाच पॅक बाजारात २१ व्होल्टचा म्हणूनही विकला जातो. त्यामुळे यंत्राचा जोर तसूभरही वाढत नाही, हे गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही.

बाहेरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून घेतलेले माप फसवे असते. चार गट ३.८ व्होल्टवर आणि पाचवा १.४ वर असला तरी बेरीज १६.६ भरते व पॅक थोडासा उतरला आहे एवढेच वाटते. काही पॅकमधील संरक्षक सर्किट स्वतःपुरती वीज एखाद्याच गटातून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिलेल्या पॅकमध्ये तोच गट आधी बसतो. म्हणून कवच उघडून प्रत्येक गट स्वतंत्र मोजल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, आणि फुगलेला, गळणारा किंवा गोडसर वास येणारा सेल दिसला तर ते काम तिथेच थांबवावे.

बसलेल्या पॅकला चांगल्या बॅटरीच्या तारा काही क्षण भिडवून झटका देण्याची रीत निकेल-कॅडमियमच्या काळातून आलेली आहे. त्या सेलमध्ये वाढलेले धातूचे बारीक तंतू आतल्या आत शॉर्ट करीत आणि मोठ्या प्रवाहाने ते जळून जात, त्यामुळे तिथे झटक्याला काही अर्थ होता. शिवाय त्यातील इलेक्ट्रोलाइट, म्हणजे विद्युतभार वाहून नेणारा द्रव, पाण्यातला अल्कली असे. लिथियम-आयनमध्ये हा द्रव ज्वालाग्राही असतो, आणि सेल दीर्घकाळ दोन व्होल्टच्या खाली राहिल्यास ऋण बाजूच्या तांब्याच्या पत्र्यातील तांबे विरघळून पुढच्या चार्जिंगमध्ये भलत्याच जागी साचते. यातून होणारा शॉर्ट त्या दिवशी दिसेलच असे नाही. व्होल्टेज वर येते, चार्जर हिरवा दिवा दाखवतो आणि दोष आत तसाच राहतो. फार काळ खोल उतरलेला सेल उठवण्यापेक्षा टाकून देणेच शहाणपणाचे आहे.

नुकत्याच आणि थोड्याच उतरलेल्या गटाला मात्र संधी देता येते. प्रवाहावर मर्यादा घालता येणाऱ्या पॉवर सप्लायने फक्त त्याच गटाला क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहून कमी प्रवाह, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला फार तर २०० मिलिअँपिअर, तीन व्होल्ट येईपर्यंत द्यावा. हे काम फरशीवर, डोळ्यांना चष्मा लावून, हातातील अंगठी-कडे उतरवून आणि जागचे न हलता करायचे असते. सेल हाताला कोमट लागला किंवा व्होल्टेज चढेनासे झाले की प्रवाह बंद करावा.

खरी परीक्षा यानंतरची, आणि ती कंटाळवाणी असल्यामुळेच बहुधा टाळली जाते. सगळे गट समान पातळीवर आणून पॅक आठवडा-दोन आठवडे नुसता ठेवला आणि शेजाऱ्यांच्या तुलनेत एकच गट खाली सरकला, तर तो आतून गळतो आहे असे समजावे. न सरकलेल्या सेलची क्षमता ठरावीक प्रवाहाने डिस्चार्ज करून मोजावी, पण तेवढ्यावरही विसंबू नये, कारण ड्रिलला साठ्याइतकाच झटपट पुरवठा लागतो. दहा अँपिअरच्या लोडवर ३.९ चा सेल ३.४ वर आला तर त्याचा अंतर्गत रोध ५० मिलिओहम ठरतो. जास्त प्रवाहासाठी बनवलेल्या नव्या सेलमध्ये तो बहुधा याच्या निम्म्याहूनही कमी असतो. असा सेल टॉर्चमध्ये बरीच वर्षे काढील, पण ड्रिल लाकडात शिरताच बसेल.

नापास सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा संकलकाकडे द्यावा. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी अशा बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तरीही त्या ओल्या कचऱ्यात जाऊन पडतात आणि कचरागाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात.