पदवीचं घड्याळ

आमच्या घरात पदवी आणि घड्याळ एकाच दिवशी आलं. १९८३ साली बाबा बी.ए. झाले, घराण्यातले पहिले. निकाल घेऊन ते इस्लामपूरला उतरले तेव्हा आजोबा स्टँडवर उभे होते. तिथूनच त्यांना घड्याळाच्या दुकानात घेऊन गेले. एचएमटी 'जनता'. पांढरी तबकडी, सतरा ज्युवेल्स, तपकिरी चामडी पट्टा. त्या वर्षीच्या गुळाच्या पैशातला बराच भाग त्यात गेला, असं आजी सांगायची. तेव्हा लग्नात मुलाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ मागायची रीत होती. आजोबांचं म्हणणं एवढंच की माझ्या पोरानं सासऱ्याच्या घड्याळात वेळ बघायची नाही.

बी.ए. होऊन बाबांना नोकरी मिळाली ती एसटीत, कंडक्टरची. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. पहाटेची पहिली गाडी असली की आई चारला उठायची. चुलीवर पाणी, डब्याच्या भाकरी, आणि हे सगळं चालू असतानाच पदराला हात पुसून ती देवळीतलं घड्याळ घ्यायची, कानाशी धरायची आणि चावी द्यायची. सावकाश, अंगठा आणि तर्जनीच्या पेरांनी, हाताला अटकाव लागेपर्यंत. मग ते बाबांच्या खाकी शर्टावर, तिकिटाच्या पेटीशेजारी ठेवायची. चावी पूर्ण भरली की हे घड्याळ दीड दिवसाच्या आसपास चालतं. पण एसटीचं वेळापत्रक दीड दिवसाच्या भरवशावर चालत नाही, म्हणून रोज चावी. बाबांची दुपारची पाळी असली तर सकाळच्या बातम्यांना रेडिओवर टोले पडायचे त्याबरहुकूम ती काटेही जुळवून घ्यायची. मिनिटभराचाच फरक असायचा. ते मिनिट तिला खपत नसे.

बंगळूर हे नाव मला शाळेच्या नकाशाआधी त्या घड्याळामुळे माहीत झालं. 'बंगळूरला बनतं हे, सरकारच्या कारखान्यात,' असं बाबा गाडीतल्या ओळखीच्या उतारूंना सांगायचे, आणि त्यात त्यांचा स्वतःचा काही वाटा असल्यासारखा आवाज लागायचा. हिंदुस्थान मशीन टूल्स ही कंपनी १९५३ सालची. लेथ आणि कारखान्याला लागणारी यंत्रं करण्यासाठी उभी केलेली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीचं तंत्र घेऊन तिनं बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. त्याआधी हातातलं घड्याळ म्हणजे बहुतेक परदेशी माल, साहेबाच्या मनगटावरचा. शाळामास्तर, तलाठी, कंडक्टर यांच्या हातावर घड्याळ आलं ते एचएमटीमुळे. देशानं स्वातंत्र्यानंतर केलेल्या कामांत मी या कामाला फार वरचं स्थान देते. धरणं मोठीच, पण हे प्रत्येकाच्या मनगटावर होतं.

दर दिवाळीआधी ते घड्याळजींकडे जायचं. त्यांच्या काचेच्या पेटीसमोर मी बाबांचं बोट धरून उभी राहत असे. डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा, मागचं झाकण उघडलं की आत मागंपुढं हलणारं ते चाक. तेलपाणी करून झाल्यावर ते घड्याळ कानाला लावायचे आणि मान हलवायचे. यंत्र आतून बघण्याची ओढ मला तिथं लागली. पुढं सांगलीच्या वालचंद कॉलेजात मी इंजिनिअरिंगला गेले, त्याचं मूळ मी त्या काचेच्या पेटीतच शोधते.

२०१३ मध्ये मी पदवी घेतली आणि नोकरी लागली बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत. निघताना बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. 'त्याच्याच गावाला चाललीस, घेऊन जा.' पट्ट्याला दोन भोकं वाढवून घ्यावी लागली. घड्याळ पुरुषी, मोठं. पण मी ते काढलं नाही.

मी राहायला आले तेव्हा इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे काचेच्या इमारती, आत शिरायला कार्ड, आणि संध्याकाळी होसूर रोडवर न हलणाऱ्या गाड्या. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांची ३३२ एकर जमीन घेऊन कर्नाटक सरकारच्या केऑनिक्सनं १९७८ मध्ये ही वसाहत आखली; केऑनिक्सचे तेव्हाचे प्रमुख आर. के. बालिगा यांचं ते स्वप्न. इथं सॉफ्टवेअर आलं ते पुष्कळ नंतर. हे वाचल्यावर मला हे गाव जवळचं वाटू लागलं. बंगळूर म्हणजे फक्त संगणक असं बाहेरच्यांना वाटतं, पण या शहराच्या बोटांना बारीक कामाची सवय आधी यंत्रांनी आणि घड्याळांनी लावली होती.

आणखी एक गोष्ट इथं आल्यावर जाणवली. टाटांच्या टायटनचा कारखाना होसूरला, इथून पुढं होसूर रोडवरच, तमिळनाडूची हद्द ओलांडली की. त्यांचं मुख्य कार्यालय तर इलेक्ट्रॉनिक सिटीतच, वीरसंद्रला. १९८४ मध्ये ही कंपनी स्थापन झाली आणि तिनं क्वार्ट्झ घड्याळ हा देखणा दागिना करून टाकला. क्वार्ट्झ एचएमटीनंही केलं होतं, पण तिचं मन चावीच्या घड्याळात राहिलं. २०१६ च्या जानेवारीत एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं घेतला. ती बातमी मी ऑफिसात वाचली तेव्हा मनगटावर तेच घड्याळ चालू होतं. संध्याकाळी घरी फोन केला. बाबा एवढंच म्हणाले, 'आपलं चालतंय न्हवं?'

माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटी. ती बारावी झाली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्याच आयआयआयटीत पाच वर्षांच्या एमटेकला आली. ही संस्था १९९९ ची, माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शनिवारी तिचा दीक्षान्त समारंभ होता. आई-बाबा आदल्या दिवशी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेहून निघाले आणि सकाळी उतरले. आईनं बरोबर गुळाच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि नव्या दोन साड्या आणल्या होत्या. समारंभाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळे समारंभ असतात तसाच. धाकटीचं नाव पुकारलं तेव्हा बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि ती परत जागेवर बसेपर्यंत उभेच होते, तेवढं मात्र लिहून ठेवते.

रविवारी कुठं जायचं यावर आधी म्हैसूर, मग नंदी टेकडी, मग बन्नेरघट्टा असं सगळं बोलून झालं होतं. धाकटी म्हणाली, जलहळ्ळीला जाऊ. तिथं कारखान्याच्या परिसरातल्या एका जुन्या बंगल्यात २०१९ पासून एचएमटीचं संग्रहालय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मेट्रो सुरू झाल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीतून तिकडं जाणं सोपं झालंय. आर. व्ही. रोडला उतरून हिरव्या मार्गावरची गाडी धरली की थेट जलहळ्ळी, पुढं रिक्षा. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आई खिडकीतून बघत होती. पिवळी गाडी चालकाशिवायही धावू शकते हे कळल्यावर बाबांनी कंडक्टरच्या नजरेनं डबा वरपासून खालपर्यंत पाहिला.

बंगल्याभोवती मोठी झाडं आहेत, अंगणात ट्रॅक्टर उभा आहे, कारण एचएमटीनं ट्रॅक्टरही केले. आत घड्याळंच घड्याळं. 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर', 'सोना'. बायकांसाठीची नाजूक घड्याळं, अंधांना बोटांनी वेळ कळावी म्हणून केलेली. बाबा 'जनता'समोर थांबले आणि तिथंच राहिले. बाजूला उभ्या असलेल्या एका कानडी कुटुंबाला ते मराठीतून सांगू लागले आणि त्यांना ते समजलंही.

मी आईला म्हटलं, घड्याळं जोडायच्या विभागात बायका पुष्कळ होत्या. इतकं बारीक काम त्यांच्या हातांनी व्हायचं. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'म्हणजे बाईनं जोडलं आणि बाईनंच चालवलं.'

बाबांचा बेत आम्हा दोघींनाही माहीत होता. मी आदल्या रात्रीच घड्याळ काढून त्यांच्याकडे दिलं होतं. पदवी झाली की ते पुढच्या मनगटावर जायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. बाहेर झाडाखाली बसून पोळ्या सोडल्या तेव्हा त्यांनी ते खिशातून काढलं आणि धाकटीपुढं धरलं. तिनं घेतलं, चावी दिली, कानाला लावलं आणि आईच्या हातात बांधलं. 'बाबा, तीन पदव्यांचं घड्याळ आहे. इतकी वर्षं चारला कोण उठलं?'

आई म्हणाली, 'मला काय करायचंय? कणीक मळताना काढूनच ठेवायचं.' पण काढलं नाही. मी तिच्या मनगटाला बसेल असं आणखी एक भोक पाडून घेतलं, स्टेशनाबाहेर चप्पल शिवणाऱ्या काकांकडून. त्याच रात्रीच्या गाडीनं ते दोघं मिरजेला परतले. आता घड्याळ आईकडेच आहे, रोज चालू असतं, आणि दिवाळीआधी तेलपाण्याला द्यायचं तिनं मला बजावलं आहे.

असं एखादं घड्याळ तुमच्याही कपाटात, जुन्या पाकिटात किंवा देवघराच्या खणात बंद पडून असेल. ते भंगारात देऊ नका. चावीचं घड्याळ उघडणारे कारागीर अजून आहेत, त्यांच्याकडे घेऊन जा. आणि ज्यांचं म्हणून ते ओळखलं जातं त्यांचं नाव सांगण्याआधी घरात एकदा विचारा, त्याला चावी कोण देत होतं.